गेम बॉय ॲडव्हान्स एसपी, सेकंडहँड घेतलेला: वर्षभर वापरून काय वाटलं

आधीच सांगून टाकते, हा निन्टेन्डोचा २००३ सालचा, हातात धरून खेळायचा कन्सोल आहे, म्हणजे आज तुमच्या हातात जो पीस येणार तो आधी कोणीतरी वापरलेला, उघडलेला, एखादवेळेस जिन्यावरून पाडलेला पण असणार. त्यामुळे "एसपी चांगला आहे का" ह्याला तसा अर्थ नाही, "हा समोरचा एसपी चांगला आहे का" असं विचारायचं. मी पण हे नंतर शिकले, आधी फक्त रंग बघून भाळले होते.

घेतला का तर मोबाईलवर खेळायचा कंटाळा आला होता, मधेच नोटिफिकेशन, मधेच जाहिरात. आणि मला जे खेळायचं होतं ते ॲडव्हान्सचेच गेम होते. हे महत्त्वाचं आहे बरं का, आधी गेम ठरवा, मग मशीन. निन्टेन्डोच्याच नंतरच्या डीएस लाइटमध्ये पण ॲडव्हान्सचे गेम चालतात आणि स्क्रीन मस्त आहे, पण त्यात जुनी गेम बॉय आणि गेम बॉय कलरची कार्ट्रिजं (गेमच्या खोचायच्या डब्या) चालत नाहीत, दोन कन्सोल जोडायच्या लिंक केबलला पोर्ट पण नाही. २००५ चा गेम बॉय मायक्रो दिसायला इतका गोड आहे की काय सांगू, पण तोही फक्त ॲडव्हान्सचेच गेम घेतो. एसपीमध्ये तिन्ही पिढ्यांची कार्ट्रिजं चालतात. माझ्याकडे एक जुनं गेम बॉयचं कार्ट्रिज पडून होतं, विषय तिथेच संपला.

आता स्क्रीन. एसपीचे दोन प्रकार आहेत आणि विकणाऱ्यांना हे बऱ्याचदा माहीतच नसतं किंवा माहीत असून सांगत नाहीत. एजीएस-००१ मध्ये लाइट पुढून पडतो, त्यामुळे रंग फिके, जरा धुतल्यासारखे दिसतात. एजीएस-१०१ मध्ये लाइट मागून येतो आणि फरक म्हणजे अक्षरशः चष्मा लावल्यासारखा. मागच्या लेबलवर नंबर असतो पण खोकं, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं कवच, बदललेलं असेल तर लेबल पण नकली असू शकतं, म्हणून स्क्रीनखालचं सूर्याचं बटण दाबून बघायचं. लाइट पूर्ण बंद होत असेल तर ००१, फक्त कमीजास्त होत असेल तर १०१. माझा ००१ आहे. दिवसा खिडकीत बसून लाइट बंद करून खेळते तर झकास दिसतं, रात्री अंथरुणात मात्र चिडचिड होते. मूळ स्क्रीन काढून नवी आयपीएस (आजच्या मोबाईलसारखी) स्क्रीन बसवलेले पण मिळतात, एकदम झगझगीत, पण ते बॅटरी जास्त खातात आणि ज्याने बसवलाय त्याचा हात कसा आहे त्यावर सगळं अवलंबून.

"रिफर्बिश्ड, नव्यासारखा" असं लिहिलेलं दिसलं तर मी तरी सावध होते. बऱ्याचदा त्याचा अर्थ बाहेरचं नवीन स्वस्त खोकं आणि त्यासोबत आलेली रबराची बटणं, जी दाबली की पावात बोट घातल्यासारखं वाटतं. थोडे ओरखडे असलेला पण मूळ खोक्यातला पीस कधीही बरा. हातात घेतला की बिजागरी दोन्ही टप्प्यांवर टिकते का बघा, एल आणि आर बटणं टिक वाजतात का बघा, आवाज वरखाली करताना खरखर येते का ते पण.

हातात कसा वाटतो तर दुमडला की साधारण साडेआठ सेंटीमीटरचा चौकोन, वजन १४० ग्रॅमच्या आसपास, आणि स्क्रीन आत झाकली जाते म्हणून नुसता बॅगेत टाकला तरी ओरखडे पडत नाहीत, ही आयडिया मला आजही भारी वाटते. पण मोठे हात असतील तर तासाभरात बोटं आखडतात, खोटं कशाला बोलू. आणि हेडफोनचं होलच नाही! त्याला वेगळा ॲडॅप्टर लागतो जो चार्जिंगच्याच पोर्टमध्ये जातो. म्हणजे साधा ॲडॅप्टर असेल तर एकतर चार्ज करा नाहीतर गाणं ऐका. हे ज्याने ठरवलं तो माणूस बसमध्ये कधी बसला नसावा.

बॅटरी मूळची ६०० एमएएचची, कंपनीच्या हिशोबाने लाइट लावून १० तास, बंद ठेवून १८. वीस वर्षं जुन्या बॅटरीकडून ही अपेक्षा ठेवू नका. मागे एकच साधा स्क्रू आहे, तो काढला की बॅटरी बाहेर, पाच मिनिटांचं काम. झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंगला लावायचंच नाही, टोचायचं नाही, सरळ बदलायची. महिनाभर खेळणार नसाल तर अर्धी चार्ज करून ठेवा, पूर्ण संपवून कपाटात टाकलेल्या बॅटऱ्या बऱ्याचदा परत उठत नाहीत. बाकी खोकं उघडायचं असेल तर तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग स्क्रू ड्रायव्हर आणा, साध्याने जबरदस्ती केली की स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग बसा रडत.

आता गेम, इथे मी फसले. इमराल्ड घेतला, पोकेमॉनचा, विकणारा म्हणे एकदम ओरिजिनल, वीसेक तास खेळले आणि एक दिवस चालू केला तर सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, गायब, सगळी टीम गेली. नकली होता. नंतर शोधत बसले तेव्हा कळलं की ओरिजिनलच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, उजेडात तिरकं धरलं की दिसतात, आणि कार्ट्रिजच्या खालच्या फटीतून बघितलं तर पिनांच्या वर निन्टेन्डो छापलेलं असतं. माझ्या कार्ट्रिजवर दोन्ही नव्हतं. गंमत म्हणजे ओरिजिनल इमराल्डमधली बॅटरी संपली तरी सेव्ह जात नाही, ती फक्त घड्याळासाठी आहे, चालू करताना तसा मेसेज येतो आणि गेममधली बेरीची झाडं वाढणं वगैरे घड्याळावरच्या गोष्टी थांबतात एवढंच. त्यामुळे "बॅटरी ड्राय" लिहिलेलं दिसलं की घाबरून सोडू नका, उलट घासाघीस करा.

गेम लागला नाही की फुंकर मारायची लहानपणची सवय तेवढी सोडा, तोंडातला ओलावा पिनांवर बसतो. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं, पिना पुसायच्या, काडी काळी निघाली की समजा हाच रोग होता. पूर्ण वाळू द्या. आणि कन्सोल बंद केल्याशिवाय कार्ट्रिज ओढायचं नाही.

माझं जे जुनं गेम बॉयचं कार्ट्रिज आहे त्याची गोष्ट मात्र उलटी, त्यात सेव्ह बॅटरीवरच जिवंत असतो, बॅटरी काढली की गेला. ती बदलायची म्हणजे आधी सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवायचं यंत्र घ्यायला हवं, ते काही अजून घेतलं नाहीये. रोज उघडून बघते, अजून आहे सेव्ह.