जाळी की एक्झॉस्ट फॅन? कोकणात स्वतः घर बांधताना

भिंती लिंटेलच्या (दार-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीला आल्या की गवंडी विचारतोच: न्हाणीला जाळी ठेवू की फॅनचं भोक? उत्तर तयार ठेवा. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत उभी राहिल्यावर कटर लावून भोक पाडायचं म्हणजे धूळ, दुप्पट मजुरी आणि हललेले सांधे.

जाळी चोवीस तास काम करते, वीज गेली तरी. कोकणातल्या पावसाळ्यात ही मोठीच गोष्ट. पण ती वाऱ्याच्या भरवशावर चालते. खोलीला एकच जाळी असेल तर हवा जेमतेम हलते. समोरासमोरच्या भिंतींत दोन हव्यात, एक खाली आणि एक छताजवळ, कारण गरम दमट हवा वर चढते. पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. त्या अंगाला जाळी ठेवली की झड थेट आत. दुसरा इलाजच नसेल तर वर चांगला रुंद छज्जा काढा आणि बाहेर उतरत्या पट्ट्यांची जाळी लावा.

फॅनचं गणित सोपं आहे. ५ बाय ७ फुटांच्या, ९ फूट उंच न्हाणीत ३१५ घनफूट हवा मावते. ती तासाला ८ वेळा बदलायची तर मिनिटाला ४२ घनफूट ओढली तरी पुरे, आणि बाजारातला साधा ६ इंची फॅन त्याहून बराच जास्त ओढतो. म्हणून मोठ्या फॅनवर पैसे घालू नका. अडतं ते दुसरीकडेच: दार खालपर्यंत घट्ट बसलेलं असलं, तर हवा आत यायला वाट नसते आणि फॅन नुसता घरघरतो. दाराखाली पाऊण इंच फट सोडा. फॅन दारापासून लांबच्या भिंतीत, शॉवरजवळ, शक्य तितका उंच बसवा आणि आंघोळीनंतरही १५-२० मिनिटं चालू ठेवा. त्याच्या शेजारीच उघडी जाळी असेल तर तो तिथलीच हवा ओढून बाहेर टाकतो, वाफ मात्र आरशावर तशीच.

माझं मत स्पष्ट आहे. न्हाणीला फॅन, सोबत वीज गेल्यावर उघडता येतील अशा काचेच्या पट्ट्या. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर फॅन. झोपायच्या खोल्यांना जाळी. मात्र गॅस गीझर न्हाणीत नकोच, फॅन असला तरी. तो घराबाहेर मोकळ्या हवेत बसवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणूस दगावतो.

जुलैत बाहेरचीच हवा ८५-९० टक्के दमट असते, तेव्हा जाळीने कपाटातले कपडे सुकणार नाहीत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, म्हणजे मागे बुरशी कमी धरते.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीला तर दोन्ही उपाय निकामी. सध्याच्या घरात शंका असेल तर ओल्या जागी फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ भिंतीवर जमते आहे, तिथे फॅन किंवा जाळी उपयोगी पडेल. भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतूनच येतं आहे. चिरा सच्छिद्र असतो, पाणी सहज शोषतो. त्यामुळे नव्या घराला जोतं निदान दीड फूट उंच घ्या, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशी पन्हळ लावा आणि जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल वर चढू न देणारा, थर पडेल त्या दिवशी स्वतः हजर राहा. भिंत चढल्यावर तो थर सहजासहजी घालता येत नाही.