‘एका बैठकीत ८ ते १० लिटर’: लायपोसक्शन पॅकेजचं परीक्षण

पोट, कंबर, मांड्या आणि दंड एकाच बैठकीत, संध्याकाळी घरी, बाहेर काढलेली चरबी ८ ते १० लिटर: अशा मजकुराची लायपोसक्शन (त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढायची शस्त्रक्रिया) पॅकेजेस मोठ्या शहरांत सर्रास विकली जातात. हे परीक्षण त्या प्रकारच्या सेवेचं आहे, एखाद्या ठरावीक क्लिनिकचं नाही. मत आधीच सांगून टाकतो. त्याच दिवशी घरी सोडणार असतील आणि ५ लिटरच्या वर काढणार असतील, तर ते पॅकेज कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

आधी हे लिटर कसले, ते बघा. शस्त्रक्रियेच्या वेळी चरबीच्या थरात सलाइन, लिडोकेन (भाग बधिर करणारं औषध) आणि ॲड्रिनॅलिन (रक्तवाहिन्या आकुंचित करणारं औषध) यांचं मिश्रण भरतात. मग ३-४ मिलिमीटर जाडीच्या कॅन्युलामधून, म्हणजे पोकळ नळीतून, चरबी ओढून घेतात आणि ती सक्शनच्या बरणीत जमा होते. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवली की वर पिवळी चरबी तरंगते आणि खाली लालसर पाणी बसतं. त्या पाण्यात भरलेलं सलाइन असतं आणि थोडं रक्तही असतं. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा पूर्ण बरणीचा असतो. ५ लिटरच्या बरणीत वरची चरबी साडेतीन लिटर धरली, तर तिचं वजन जेमतेम ३ किलो भरतं, कारण १ लिटर चरबी सुमारे ९०० ग्रॅमची असते. वर सूज आणि शरीरात राहिलेलं पाणी असल्यामुळे दुसऱ्या दिवशी काटा उलट वर गेलेला दिसतो. म्हणून ‘एका दिवसात १० किलो कमी’ म्हणणाऱ्यांचं अंदाजपत्रकसुद्धा हातात घेऊ नका.

५ लिटरचा आकडा अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतून रूढ झाला. बरणीतला एकूण द्रव ५,००० मिली.च्या पुढे गेला की ती ‘मोठ्या प्रमाणातली’ लायपोसक्शन समजायची, ती रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त केंद्रात करायची आणि रात्रभर रुग्णावर देखरेख ठेवायची, असं त्यात आहे. कॅलिफोर्नियात रुग्णालयाबाहेर एकूण द्रवाची मर्यादा ५,००० मिली. आहे. फ्लोरिडात डॉक्टरच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये मर्यादा ४,००० मिली. आहे, पण ती फक्त वर तरंगणाऱ्या चरबीची. सोबत दुसरी शस्त्रक्रिया असेल, तर तिथे हीच मर्यादा १,००० मिली.वर येते. एका ठिकाणी पूर्ण बरणी मोजतात आणि दुसऱ्या ठिकाणी वरचा थर. त्यामुळे ‘आम्ही मर्यादेतच काढतो’ असं समुपदेशक म्हणाले, तर लगेच विचारा: एकूण द्रव की नुसती चरबी? याचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर तिथून उठावं.

शिवाय ५ लिटर ही सगळ्यांना सारखी लागू होणारी परवानगी नाही. साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१५) असं दिसलं की बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) प्रत्येक अंकामागे १०० मिली.पेक्षा जास्त द्रव काढला, तर गुंतागुंतीचं प्रमाण वाढतं. म्हणजे बीएमआय २५ असेल तर अडीच लिटरपासूनच जास्त सावध राहायचं, आणि ३० असेल तर ३ लिटरपासून. सडपातळ माणसाकडून ५ लिटर काढणं आणि धिप्पाड माणसाकडून ५ लिटर काढणं या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. चांगला सर्जन पहिल्या भेटीतच तुमचं वजन आणि उंची मोजून तुमच्यापुरता आकडा कागदावर लिहून देतो. बहुतेक पॅकेजेसमध्ये मात्र दर ‘एरिया’नुसार असतो: पोट एक एरिया, दोन्ही कुशी एक, पाठ एक. एरिया वाढला की बिल वाढतं आणि बिलाबरोबर लिटरही वाढतात. या विक्रीपद्धतीवर आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

दुसरी मर्यादा लिडोकेनची. तिच्याबद्दल रुग्णाला जवळजवळ कुणीच सांगत नाही. त्वचेखाली ॲड्रिनॅलिनसह टोचायचं असेल, तर लिडोकेनची नेहमीची मर्यादा किलोमागे ७ मिग्रॅ. असते. टुमेसंट पद्धतीत, म्हणजे वर सांगितलेलं मिश्रण चरबीत भरायच्या पद्धतीत, औषध खूप पातळ केलेलं असतं आणि ते चरबीतून हळूहळू शोषलं जातं, म्हणून किलोमागे ३५ मिग्रॅ.पर्यंत चालतं. ही पद्धत कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८० च्या दशकात रूढ केली. काही तज्ज्ञ ५५ पर्यंत जातात, आम्ही ३५ वरच थांबू. आता हिशेब करा. ७० किलो वजनाला ३५ ने गुणलं की २,४५० मिग्रॅ. येतात. लिटरमागे ५०० मिग्रॅ. घातलं, तर सुमारे ४.९ लिटर मिश्रण भरता येतं. लिटरमागे १,००० घातलं, तर अडीच लिटरलाच मर्यादा संपते. पोट, कंबर, मांड्या आणि दंड एकदम करायचे तर मिश्रण किती लागेल, हे यावरून ओळखा.

रक्तातली लिडोकेनची पातळी शस्त्रक्रियेनंतर साधारण १० ते १४ तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी ९ ला शस्त्रक्रिया झाली आणि ६ ला घरी सोडलं, तर ही वेळ संध्याकाळी किंवा रात्री, घरी असताना येते. तोंडाभोवती बधिरपणा, जिभेला धातूची चव, कानात आवाज आणि जड जीभ ही पहिली लक्षणं आहेत. पुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. यकृत लिडोकेनचं विघटन ज्या विकरांनी करतं, त्यांनाच क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल यांसारखी औषधं अडवतात, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी सांगणं आवश्यक आहे. शस्त्रक्रियागृहात २० टक्के लिपिड इमल्शनची (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) बाटली ठेवली आहे का, हेही विचारा. लिडोकेनच्या विषबाधेवर ते वापरतात आणि ते जवळ नसेल तर ऐन वेळी धावपळ होते.

द्रवांचा ताळेबंद ही पॅकेजमधली सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. भरलेल्या मिश्रणापैकी ६० ते ७० टक्के बाहेर येत नाही. ५ लिटर भरलं असेल, तर ३ लिटरहून जास्त द्रव पुढच्या तासांत हळूहळू रक्तात उतरतो. वर शिरेतून सलाइनच्या बाटल्या चालू ठेवल्या, तर फुप्फुसांत पाणी भरतं. दुसरीकडे चरबी काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत द्रव झिरपतो, त्यामुळे सलाइन कमी दिलं तर रक्तदाब घसरतो. हा तोल नजरेच्या अंदाजाने साधत नाही. त्यासाठी लघवीची नळी हवी आणि दर तासाची नोंद हवी. किलोमागे तासाला अर्धा ते एक मिली., म्हणजे ७० किलोच्या माणसाला ३५ ते ७० मिली. लघवी व्हायला हवी. थंड सलाइनमुळे अंगाचं तापमान उतरतं आणि रक्त गोठायची क्रिया बिघडते, म्हणून द्रव कोमट करून घेतात. हे सगळं ठरवतो तो भूलतज्ज्ञ. तो पूर्ण वेळ खोलीत असणार का, की ‘गरज पडली तर बोलावू’, एवढ्या एका प्रश्नावरून सेवेचा दर्जा समजतो.

अमेरिकेतल्या सर्जनांकडून १९९४ ते १९९८ या काळातली माहिती गोळा करून २००० साली छापलेल्या पाहणीत सुमारे ५,००० शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू नोंदला होता. त्यात पहिलं कारण होतं पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं, आणि त्यानंतर पोटाची भिंत कॅन्युलाने फुटणं. आकडे जुने आहेत, पण ही दोन्ही कारणं आजही तीच आहेत. ‘लायपो + टमी टक’ (पोटाची सैल त्वचा कापून काढणं) असं जोडपॅकेज घेतलं की शस्त्रक्रिया लांबते आणि माणूस जास्त काळ पडून राहतो, त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान, जास्त वजन किंवा घरात कुणाला आधी गुठळी झालेली असणं हे सर्जनने स्वतःहून विचारायला हवं. पोटावर आधीचा व्रण किंवा हर्निया असेल, तर आधी तपासणी आणि मग कॅन्युला.

व्हेझर (ध्वनिलहरींनी चरबी सैल करणारं यंत्र), लेझर, पॉवर-असिस्टेड (यंत्राने हलणारी कॅन्युला) या नावांपायी जास्त पैसे मोजायचे का? कडक, तंतुमय भागात त्यांचा उपयोग होतो. पण यंत्र बदललं म्हणून लिटरची मर्यादा वाढत नाही.

मग पैसे कुठे टाकावेत? जिथे प्लास्टिक सर्जनची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागताच मिळतो. जिथे रुग्णालय शुश्रूषागृह म्हणून नोंदलेलं आहे आणि अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे. जिथे जास्त काम असेल तर ते दोन बैठकांत, मधे काही महिने सोडून करा, असं सर्जन स्वतः सुचवतो. दोन बैठकांचं बिल जास्त येतं आणि शस्त्रक्रियेनंतरचा दाबपट्टाही दोनदा, प्रत्येक वेळी चार ते सहा आठवडे घालावा लागतो. तरीही आमची शिफारस दोन बैठकांचीच.

घरी सोडताना कागदावर चार आकडे लिहून घ्या: किती मिश्रण भरलं, एकूण किती लिडोकेन गेलं, बरणीत एकूण किती आलं आणि त्यात चरबी किती. रात्री धाप लागली, पोटरी एकाच बाजूला सुजून दुखली, पोट दगडासारखं ताठ झालं किंवा लघवी थांबली, तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात हा कागद घेऊन जायचं. तिथल्या डॉक्टरला पहिल्यांदा हेच आकडे लागतात.