‘पासिंग लागत नाही’ असं सांगून डीलरशिप देणाऱ्यांपासून सावध राहा

मागच्या आठवड्यात पाटण तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. हातात प्लॅस्टिकची फाईल. इलेक्ट्रिक गाड्यांची तालुका डीलरशिप मिळतेय, दीड लाख डिपॉझिट आहे, तीन दिवसांत भरले नाहीत तर दुसऱ्याला देणार. “दादा, तुम्ही या धंद्यात होता, म्हणून विचारायला आलो.” लेटरहेडवरचं नाव वेगळं होतं, पण खालची वाक्यं मला पाठ होती. लायसन्स नको, पासिंग (म्हणजे आरटीओतली नोंदणी) नको, पेट्रोल नको. त्याला तासभर बसवून सगळं सांगितलं. तो गेल्यावर वाटलं, हे लिहूनच काढलं पाहिजे.

कराडमध्ये मी दुकान उघडलं ते २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर. पेट्रोल १२० च्या घरात गेलेलं. जो तो इलेक्ट्रिक गाडीची चौकशी करत होता. मी आधी बारा वर्षं एका टू-व्हीलर शोरूममध्ये सेल्सला होतो, त्यामुळे धंदा कळतो असा विश्वास होता. पुण्याच्या एका प्रदर्शनात एका कंपनीचा माणूस भेटला. गोड बोलणारा, दर दोन दिवसांनी फोन करणारा. दीड लाख डिपॉझिट, ‘डीलरशिप सोडली की परत’. बारा गाड्या प्रत्येकी ४८,००० ला, म्हणजे ५,७६,०००. गाळ्याचं फर्निचर, बोर्ड, लाईट मिळून आणखी सव्वा लाख. चार लाखांचं मुद्रा कर्ज घेतलं आणि उरलेले बायकोच्या दागिन्यांवर उभे केले.

गाड्या आल्या त्या दिवशी कंपनीचा मेकॅनिक डेमो द्यायला आला होता. सीटखालचं कव्हर काढून त्याने कंट्रोलरजवळची, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डबीजवळची, एक छोटी पिन दाखवली. “गिऱ्हाईक म्हणालं गाडी पळत नाही, तर ही काढायची.” त्याने ती काढली आणि मी गाडी रिकाम्या रस्त्यावर नेली. मीटर ४८ वर गेला. पिन लावली की २५. मला तेव्हा ती सोय वाटली. आज सांगतो, ज्या गाडीचा वेग पिन काढून दुप्पट होतो, ती गाडी कायद्याने बिनपासिंगची असूच शकत नाही. तिथेच टेम्पो परत पाठवायला हवा होता.

नियम काय आहे ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक याच्याच आडून होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार रजिस्ट्रेशन आणि लायसन्समधून सूट आहे ती फक्त अशा गाडीला, जिची मोटर २५० वॉटच्या आतली आहे, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, आणि जिच्या त्या मॉडेलला सरकारमान्य चाचणी संस्थेची मंजुरी आहे. पुण्यात कोथरूडला एआरएआय आहे, हरियाणात मानेसरला आयकॅट आहे, अशा संस्था हे काम करतात. या सगळ्या अटी एकत्र पाळायच्या असतात. एक जरी मोडली तर ती सरळ मोटार वाहन होते. मग नंबर प्लेट, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळं आलं.

माझ्याकडे या मंजुरीचं सर्टिफिकेट होतं. रंगीत, शिक्क्याचं. मी ते फ्रेम करून काउंटरमागे लावलं होतं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट करून दाखवायचो.

दोन महिन्यांत सात गाड्या गेल्या, ५८,००० ला एक. विद्यानगरच्या कॉलेजात जाणारी पोरं, सैदापूरचे एक निवृत्त गुरुजी, मलकापूरची एक ताई जी घरून पोळी-भाजीचे डबे पोहोचवते. ताईने पैसे मोजून दिले ते दहा-वीसच्या नोटांसकट. त्या सगळ्यांना मीच तोंडाने सांगितलं होतं, “काळजी करू नका, याला काही लागत नाही.”

त्या वर्षी मे महिन्यात राज्याच्या परिवहन विभागाने बेकायदा बदल केलेल्या ई-बाईकवर मोहीम उघडली. पेपरात बातमी वाचूनही मी निवांत होतो, कारण आपण काही बदल केलेला नाही असं मला वाटत होतं. जूनमध्ये कॉलेजच्या रस्त्यावर आरटीओच्या वायुवेग पथकाने (रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या पथकाने) माझ्याकडच्या दोन गाड्या धरल्या. त्यातली एक सोळा वर्षांच्या मुलाकडे होती. त्याचे वडील मेमो घेऊन दुकानात आले तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवलं तर कायद्यात पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. “तुमच्या शब्दावर घेतली हो,” एवढंच म्हणाले. ते वाक्य अजून कानात आहे.

मी फ्रेममधून सर्टिफिकेट काढलं आणि त्यांच्याबरोबर आरटीओत गेलो. साहेबांनी कागद हातात घेतला, गाडीच्या प्लेटशी ताडून पाहिला आणि एका अक्षरावर पेन ठेवलं. सर्टिफिकेटवरच्या मॉडेलच्या नावात शेवटचं अक्षर वेगळं होतं. कागदावरची गाडी दुसरीच होती, लहान चाकांची, हलकी. मग त्यांच्या माणसाने मागच्या चाकातच बसवलेल्या हब मोटरवरचा ‘२५० वॉट’चा स्टिकर नखाने खरवडला. खाली धातूवर कोरलेलं होतं, ६० व्होल्ट, १००० वॉट.

दुकानात परत आल्यावर मी उरलेल्या पाच गाड्यांचे स्टिकर खरवडले. पाचही तशाच. शेजारच्या भुसार दुकानातल्या काट्यावर बॅटरी काढून एक गाडी चढवली. वजन ७४ किलो. शेवटी बॅटरीचा डबा उघडला. मला सांगितलं होतं ‘ग्राफीन बॅटरी, लिथियमच्या पुढची’. आत एकामागे एक जोडलेल्या बारा व्होल्टच्या पाच लेड ॲसिड, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शिशाच्या जड बॅटऱ्या निघाल्या. तो डबा एकट्याने उचलताना माझी दमछाक व्हायची. त्या ताकदीचा लिथियम पॅक एका हाताने उचलता येतो. वजन हातात येत होतं, तरी लक्षात आलं नव्हतं. गुरुजींची गाडी एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर जाईल असं मी सांगितलं होतं, ती ३५ च्या पुढे जात नव्हती. ते बिचारे स्वतःच्याच चालवण्यात चूक शोधत होते.

कंपनीला फोन लावला तर उत्तर तयार होतं: “पिन तुम्ही काढली, जबाबदारी तुमची.” डिपॉझिट परत मागितलं तर म्हणाले, पावती वाचा. पावतीवर छापलं होतं, ‘ब्रँडिंग व मार्केटिंग खर्च, ना-परतावा’. डिपॉझिट हा शब्द फक्त फोनवर होता, कागदावर कुठेच नव्हता. पुढच्या महिन्यात गोडाऊनला कुलूप आणि फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, वकील केला, तारखा चालू आहेत. एक रुपया परत आलेला नाही.

वकिलांनी मला एक गोष्ट दाखवली, ती प्रत्येकाने पैसे भरण्याआधी करावी. समोरच्याचा जीएसटी नंबर घ्या. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. त्यामुळे नंबरातलं सहावं अक्षर बघा. कंपनी असेल तर तिथे ‘सी’ येतो, एकटा माणूस असेल तर ‘पी’. माझ्या लेटरहेडवर ठळक ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होतं आणि नंबरात ‘पी’ होता. पैसेही मी एका माणसाच्या खात्यावर पाठवले होते. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख आणि रिटर्न भरलेत का तेही फुकटात दिसतं. माझ्या माणसाची नोंदणी चार महिन्यांची होती, आणि तो मला सहा वर्षांचा अनुभव सांगत होता.

सर्टिफिकेटचा फोटो बघून खूश होऊ नका. ज्या संस्थेचं नाव त्यावर आहे, तिला सर्टिफिकेट नंबर आणि मॉडेलचं नाव लिहून ईमेल करा आणि लेखी उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका. सर्टिफिकेट पूर्ण गाडीचं आहे की नुसतं बॅटरीचं किंवा चार्जरचं, तेही वाचा. एक गाडी आपल्या काट्यावर चढवा, आपल्या मेकॅनिकला मोटर बघू द्या. विकणारा यातल्या कशालाही आढेवेढे घेत असेल तर तिथूनच उठा. माझं स्पष्ट मत आहे की लहान गावात नवीन माणसाने पासिंगच्या गाड्यांचीच डीलरशिप घ्यावी. ट्रेड सर्टिफिकेटसाठी (डीलरला आरटीओकडून लागणाऱ्या परवान्यासाठी) आरटीओत खेटे पडतात, पण तिथे गाडीचं मॉडेल सरकारी यादीत असल्याशिवाय नोंदच होत नाही. तो त्रास गिऱ्हाइकाला आणि आपल्यालाही वाचवतो.

पाटणच्या मुलाच्या फाईलमधला नंबर आम्ही मोबाईलवर तपासला. सहावं अक्षर ‘पी’च होतं. त्याने पैसे भरले नाहीत.

उरलेल्या पाच गाड्या मी विकल्या नाहीत, सुटे भाग आणि भंगारात गेल्या. दागिने सोडवण्याऐवजी मोडले आणि सातपैकी पाच जणांचे पैसे एकदम परत केले. दंडाचे पैसेही मीच भरले. गुरुजी आणि डबेवाल्या ताई हप्त्याने घ्यायला तयार झाले. आता त्याच गाळ्यात मी दुरुस्तीचं काम करतो. गुरुजींचे पूर्ण झाले. ताईंचे ११,००० राहिलेत, दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या घरी नेऊन देतो.