डी. वाय. पाटील की घोडबंदरचा पब?

एकोणपन्नासाव्या वर्षी रॉक ऐकायला जायचं, तर ठाणेकरापुढे दोन वाटा. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, नाहीतर घोडबंदर रोडवरचा शे-दीडशे माणसांचा एखादा पब.

स्टेडियममध्ये नावं मोठी. १५ डिसेंबर २०१९ ला यू-टू तिथेच वाजवून गेले, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. पण गायक अंगठ्याएवढा दिसतो, बाकी सगळं पडद्यावर. पडदाच बघायचा तर घरचा सोफा काय वाईट? ट्रान्स-हार्बरची लोकल थेट नेरूळला सोडते, एवढं मात्र सुख.

पबमध्ये मी ड्रमरपासून सहा फुटांवर होतो. त्याची स्टिक तुटली, तुकडा माझ्या बुटापाशी पडला. पोराने ताल न सोडता शेजारच्या पिशवीतून दुसरी ओढली. बासचा दणका कानाआधी बरगड्यांना कळतो. एका मुलीने "काका, बसा ना" म्हणत स्टूल सरकवलं. अपमान गिळला आणि बसलो. गुडघे खूश.

कान मात्र जपायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, आणि छोट्या खोलीत स्पीकर तोंडाशीच असतो. इयरप्लग न्यावेत, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभं राहावं. तो आवाज जुळवतो तो तिथूनच ऐकून.

उशिराचं म्हणाल, तर पबवाले नऊचे साडेदहा करतात. तरी मी पबच निवडेन. फक्त शुक्रवारचा.