टर्बो, सुपरचार्जर की दोन्ही? रस्त्यावरच्या गाडीसाठी निवड करताना

इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या टर्बो आणि सुपरचार्जर या दोन यंत्रांचे गुणदोष शेजारी शेजारी मांडले की एक विचार डोक्यात येतोच. सुपरचार्जर खालच्या आरपीएमला दम देतो, टर्बो वरच्या आरपीएमला. मग एकाच इंजिनावर दोन्ही बसवले तर? विचार चुकीचा नाही. मोठ्या कंपन्यांनी असं इंजिन बनवून विकलंही आहे. पण कंपनीने कोऱ्या कागदावरून आखलेलं इंजिन आणि आपल्या गाडीत नंतर केलेली जोडणी यात खूप अंतर आहे. निर्णय घ्यायचा तो हे अंतर ओळखून.

सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, बेल्टने फिरतो. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू (दोन रोटरने हवा ढकलणाऱ्या) प्रकारचा असेल तर पायाखाली ॲक्सिलरेटर दबताच बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, हजर. याची किंमत मात्र इंजिनच मोजतं, कारण तो फिरवायला लागणारी ताकद क्रँकवरूनच जाते आणि आरपीएम वाढेल तसा हा बोजाही वाढतो. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. जी ऊर्जा सायलेन्सरमधून वायाच जाणार होती, त्यातली बरीचशी तो कामाला लावतो. म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी तो पेट्रोल कमी पितो. त्याची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे: लॅग.

इथे जरा थांबायला हवं, कारण लॅग या एका शब्दात दोन वेगळ्या तक्रारी मिसळल्या जातात. एका ठरावीक आरपीएमच्या खाली एक्झॉस्टला टर्बो फिरवण्याइतका जोरच नसतो. ती टर्बोची खालची मर्यादा. त्या मर्यादेच्या वर असतानाही पाय दाबल्यापासून बूस्ट भरेपर्यंत जो वेळ जातो तो खरा लॅग. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला गाडी मरगळलेली वाटते ही पहिली तक्रार. ४००० ला पाय सोडून पुन्हा दाबला आणि क्षणभर काहीच झालं नाही, ही दुसरी. सुपरचार्जर जोडला की दोन्ही मिटतात. पण योग्य मापाचा छोटा टर्बो, ट्विन-स्क्रोल हाउसिंग (एक्झॉस्टला दोन वेगळ्या वाटा देणारं) आणि बॉल बेअरिंग घेतलं तरी दोन्ही बऱ्याच कमी होतात. आपली तक्रार नेमकी कोणती, हे आधी ठरवा.

जोडीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८५ ची लॅन्सिया डेल्टा एस४. तेव्हाच्या ग्रुप बी रॅलीत बूस्टवाल्या इंजिनाची क्षमता १.४ ने गुणून वर्ग ठरत असे. तिचं १७५९ सीसीचं इंजिन या हिशेबाने २५०० सीसीच्या आत बसायचं. एवढ्या लहान इंजिनातून प्रचंड ताकद हवी म्हणजे टर्बो मोठा, आणि मोठा टर्बो म्हणजे खाली काहीच नाही. ती पोकळी भरायला सुपरचार्जर. निसानने १९८९ मध्ये ९३० सीसीच्या मार्च सुपर टर्बोतून ११० हॉर्सपॉवर काढली, तीही याच वाटेने. दोन्हीकडे कारण एकच: इंजिन लहान, अपेक्षा मोठी.

रोजच्या गाडीत ही जोडी सर्वांत नेटकी बसवली ती फोक्सवॅगनने, २००५ च्या गोल्फ जीटीमधल्या १.४ टीएसआय इंजिनात. १७० हॉर्सपॉवर आणि १७५० आरपीएमपासून २४० न्यूटन-मीटर टॉर्क. साधारण २४०० आरपीएमपर्यंत सुपरचार्जर मदतीला, त्यापुढे ३५०० पर्यंत गरज पडली तरच, आणि मग विद्युतचुंबकीय क्लच सुटून एकटा टर्बो. पण पुढे काय झालं पाहा. त्याच कंपनीच्या नंतरच्या १.४ टीएसआयमध्ये सुपरचार्जर गेला, राहिला एकटा टर्बो. त्या इंजिनाच्या १५० हॉर्सपॉवरच्या आवृत्तीत १५०० आरपीएमपासून २५० न्यूटन-मीटर मिळतात. वरची ताकद थोडी कमी, पण शहरात जिथे गाडी चालते तिथे उचल आधीपेक्षा लवकर आणि जास्त. माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेतला हा सर्वांत वजनदार पुरावा आहे. खालची पोकळी भरायला २००५ मध्ये दोन यंत्रं लागत होती, ते काम आता एक करतं.

मग आपल्या गाडीत जोडी बसवायची म्हटलं तर काय वाट्याला येतं?

पहिली गोष्ट बूस्टचा हिशेब. दोन्ही एकामागोमाग जोडले की दाबाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. सुपरचार्जर हवेचा दाब १.५ पट करतो आणि टर्बो १.६ पट. ०.५ आणि ०.६ मिळून १.१ बार बूस्ट, असं अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात १.५ गुणिले १.६ म्हणजे २.४ पट, अर्थात १.४ बार. पिस्टन, हेड गॅस्केट आणि इंजेक्टर १.१ च्या भरवशावर ठेवले असतील तर हा फरक जीवघेणा ठरतो.

दुसरी गोष्ट उष्णता. २५ अंश सेल्सिअसची हवा २.४ पट दाबली आणि कार्यक्षमता सरासरी ६५ टक्के धरली, तर ती इंटरकूलरआधी, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या जाळीच्या आधी, सुमारे १५५ अंशांवर पोहोचते. ती नीट थंड झाली नाही की नॉकिंग (इंधन अवेळी आपोआप पेटणं) ठरलेलं. मग इग्निशन मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागते, आणि कमावलेली ताकद तिथेच जाते. रूट्स सुपरचार्जर जास्त दाबाला हवा अधिकच तापवतो, म्हणून जोडीत त्याच्याकडून थोडंच काम घ्यावं आणि वरचा भार टर्बोवर टाकावा.

तिसरी गोष्ट बेल्ट. बूस्ट वाढवायला सुपरचार्जरची पुली लहान केली की बेल्टचा तिला पडणारा विळखा कमी होतो. लॉगमध्ये (गाडी चालताना घेतलेल्या नोंदीत) हे लगेच कळतं: ५००० ला ०.६ बार, आणि आरपीएम ५८०० वर गेला तरी बूस्ट वाढायच्या ऐवजी ०.५ वर उतरलेला. बॉनेट उघडून पुलीभोवती बोट फिरवलं तर काळी, बारीक रबराची भुकटी हाताला लागते. शेजारी टर्बोचं तापलेलं हाउसिंग असेल तर हाच बेल्ट आणखी लवकर जातो. तिथे उष्णतारोधक पत्रा लावण्यात हयगय नको.

आणि बायपास व्हॉल्व्ह. टर्बोने जोर धरल्यावर हवेला सुपरचार्जर टाळून जायची वाट हवी. तो उशिरा उघडला तर सुपरचार्जर वाटेतला अडथळा बनतो, लवकर उघडला तर मधेच टॉर्क पडतो आणि ओल्या वळणावर पुन्हा धक्क्याने येतो. रोजच्या गाडीत हे मला अजिबात चालणार नाही.

माझा सल्ला असा. इंजिन दोन लिटर किंवा मोठं असेल तर जोडीचा विचार सोडा, नीट मापाचा एक टर्बो घ्या. व्ही६ किंवा व्ही८ असेल आणि गाडी खालपासून एकसारखी ओढायला हवी असेल, तर एकटा सुपरचार्जर सोपा आणि समाधान देणारा. सेंट्रिफ्यूगल (टर्बोसारख्या पंख्याचा) सुपरचार्जर मात्र जोडीसाठी घेऊ नका. त्याचा बूस्ट आरपीएमबरोबर चढतो, म्हणजे जिथे मदत हवी तिथेच तो दुबळा.

इंजिन १.६ लिटरच्या आसपास किंवा लहान, वरची ताकद मोठी हवी, आणि खालची उचलही सोडवत नाही, अशा गाडीत जोडीला खरा अर्थ आहे. त्यातही मूळ सुपरचार्जर असलेली गाडी घ्या, उदाहरणार्थ १.६ लिटरची पहिली मिनी कूपर एस किंवा टोयोटाची सुपरचार्ज्ड एमआर२. बेल्ट, ब्रॅकेट आणि जागा आधीच असते. एमआर२ मध्ये तर सुपरचार्जरला क्लचही कारखान्यातूनच येतो.

कामाचा क्रम मात्र उलटा करू नका: आधी पेट्रोल पंप आणि इंजेक्टर, मग इंटरकूलर, मग टर्बो, आणि मोठी पुली लावून सुपरचार्जरचा बूस्ट खाली. ट्यूनिंग झाल्यावर फक्त हॉर्सपॉवरचा आकडा घेऊन निघू नका. २५०० ते ४५०० आरपीएममधला बूस्टचा आलेख मागा, पूर्ण ॲक्सिलरेटरचा एक आणि अर्ध्या ॲक्सिलरेटरचा एक. बायपास उघडतो तिथे दुसऱ्या आलेखात खड्डा दिसला तर गाडी अजून तयार झालेली नाही.