पी0ए80 आला म्हणून लगेच बॅटरी बदलू नका: आठ महिन्यांचा अनुभव

चढावर, एसी चालू असताना माझ्या हायब्रिड गाडीच्या डॅशबोर्डवर बिघाडाचा लाल त्रिकोण पेटला. सर्व्हिस सेंटरमध्ये दहा मिनिटांत निकाल लागला: बिघाडाचा कोड पी0ए80, म्हणजे हायब्रिड बॅटरी पॅक बदला. कोटेशनचा आकडा पाहून पोटात गोळा आलाच, पण खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. मला न विचारता त्यांनी कोड पुसून टाकला. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणाचं तापमान, करंट, व्होल्टेज, सगळं गेलं. ज्याच्या जोरावर निदान करायचं, तेच हातात उरलं नाही.

मग स्वतःचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला. पहिला फुकट गेला, कारण तो फक्त इंजिनाचे कोड वाचायचा. घेताना एकच गोष्ट बघा, हायब्रिड ईसीयूमधलं (गाडीच्या हायब्रिड कंट्रोल कॉम्प्युटरमधलं) प्रत्येक ब्लॉकचं, म्हणजे पॅकमधल्या सेलच्या प्रत्येक गटाचं, व्होल्टेज आणि बॅटरीच्या तापमानाचे सेन्सर दिसतात का. दुसऱ्यावर ते दिसलं.

सर्वात आधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी तपासली. ती मलूल असली की ईसीयू वाटेल ते कोड टाकतात. रात्रभर उभ्या गाडीत 12.5 दिसले, म्हणजे ती ठीक होती.

दोन आठवड्यांनी त्रिकोण परत आला. या वेळी फ्रीझ फ्रेम हातात होती. कडेचे सेन्सर चाळिशीत आणि मधला 52 अंशांवर! हा पॅक निकेल मेटल हायड्राइडचा, केबिनमधलीच हवा ओढून थंड होणारा. ती हवा मागच्या सीटशेजारच्या जाळीतून आत जाते, आणि त्या जाळीला टेकून मी कित्येक महिने घडी केलेली चादर ठेवत होतो. पंखा काढला तर पात्यांच्या फटीफटीत धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू मिळून राखाडी नमदा बसलेला. टूथब्रशने एकेक पातं साफ करायला दोन तास लागले. पंखा फिरतोय म्हणजे हवा जातेय, असं समजू नका. पाती भरलेली असली की पंखा जोरात ओरडतो आणि हवा मात्र जेमतेम सरकते. जाळी मोकळी ठेवा, वर्षातून एकदा पंखा काढून बघा. याबद्दल मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आणि तिसऱ्या महिन्यात, थंड हवेत, तोच कोड पुन्हा आला. रोग फक्त पंख्याचा हे माझं मत चुकलं होतं.

गाडी उभी असताना सगळे ब्लॉक 16 व्होल्टच्या आसपास, अगदी सारखे दिसत होते. चढावर जोर दिला की सहावा ब्लॉक इतरांपेक्षा 1.2 व्होल्टने खाली बसायचा. उभ्या गाडीतल्या आकड्यांवर म्हणूनच विसंबू नका. या वेळी हायब्रिडची माहिती असलेला मेकॅनिक शोधला. त्याने पॅकचा हाय व्होल्टेज प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटं थांबला, 1000 व्होल्टचे हातमोजे घातले आणि मगच पॅक उघडला. हे घरी करायचं काम नाही, जिवाशी खेळ आहे. सहाव्या ब्लॉकच्या तांब्याच्या पट्टीवर आणि व्होल्टेज मोजणाऱ्या वायरच्या टोकाला हिरवट गंज चढलेला होता. पट्ट्या घासून, नट टॉर्क रेंचने ठरल्या मापाला आवळून पुन्हा चढावर नेली, तर फरक 0.3 वर आला. गंज काढूनही फरक तसाच राहिला असता, तर त्या ब्लॉकमधलं मॉड्यूलच (सेलचा डबा) खराब आहे असं मी मानलं असतं.

पी0एए6 आला तर मात्र हा क्रम विसरा. तो हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन कमी झाल्याचा कोड आहे. थेट जाणकाराकडे गाडी द्या, आत हात घालू नका.

पट्ट्या साफ केल्याला आता पाच महिने झाले, त्रिकोण पेटलेला नाही. दर महिन्याला त्याच चढावर, एसी तसाच ठेवून सहावा ब्लॉक बघतो. काल फरक 0.4 होता. तो एकच्या वर जाऊन तिथेच राहिला, तर मॉड्यूल बदलायला गाडी देईन, पण फ्रीझ फ्रेमचा फोटो काढल्याशिवाय कोड कुणालाही पुसू देणार नाही.