बाल्डर्स गेट 3 : गेम उत्तम, पण चिलखताचा नियम धड सांगायला काय होतं?

कथा, ग्राफिक्स, संवाद यांवर सगळ्यांचं लिहून झालंय. 2023 चा रोल-प्लेइंग गेम आहे, तिथे मी नवीन काय भर घालणार. अनेक महिने खेळून झाल्यावर मला एकाच गोष्टीवर बोलायचंय: चिलखत घातलं की जादू चालते की नाही. यावरून परवा घरात भांडण झालं, म्हणून मुहूर्त लागला.

मावसभाऊ आणि मी को-ऑप खेळतो. त्याचं पात्र हाय एल्फ वंशाचा विझर्ड, म्हणजे जादूगार. गॉब्लिन कॅम्पच्या दारात लढाई पेटली आणि हा ओरडला, "दादा, माझे सगळे स्पेल करडे झालेत, गेम अडकलाय!" गेम काही अडकला नव्हता. आर्मर क्लास (वार चुकवण्याचा आकडा) वाढतोय म्हणून साहेबांनी कुणा मेलेल्याचं चेन मेल अंगात चढवलं होतं. लढाई चालू असताना अंगातलं चिलखत बदलता येत नाही. त्यामुळे त्याचा विझर्ड शेवटपर्यंत हातातली काठी फिरवत राहिला, तीही दोन फाशांतला वाईट धरणाऱ्या डिसअ‍ॅडव्हांटेजवर.

इथे चिलखत जड आहे की हलकं, याला जादूच्या दृष्टीने काडीचं महत्त्व नाही. प्रश्न फक्त प्रोफिशियन्सीचा, म्हणजे ते चिलखत वापरायच्या प्रशिक्षणाचा. लायसन्स असेल तर ट्रक चालवा, नसेल तर स्कूटीलाही हात लावू नका. प्रोफिशियन्सी नसताना साधी ढाल घेतली तरी एकही स्पेल टाकता येत नाही. (ढाल निदान लढाईत काढून ठेवता येते.) विझर्डला क्लासकडून चिलखताचं काहीच मिळत नाही, पण वंशाकडून मिळतं. मानव आणि हाफ-एल्फ यांना हलकं चिलखत आणि ढाल, गिथयांकी आणि शील्ड ड्वार्फ यांना हलकं आणि मध्यम चिलखत, पण ढाल नाही. हाय एल्फला नुसती शस्त्रं. म्हणजे गेममधला आपला सोबती विझर्ड गेल माणूस असल्यामुळे पहिल्या दिवसापासून ढाल धरू शकतो, आणि किती जण त्याला अख्खा गेम एक हात रिकामा ठेवून हिंडवतात! मेज आर्मर या संरक्षक स्पेलने आर्मर क्लास 13 अधिक डेक्स्टेरिटी (चपळाई), म्हणजे डेक्स +2 असेल तर 15. वर ढालीचे 2. झाले 17, खर्च पहिल्या लेव्हलचा एक स्पेल स्लॉट. ढालीमुळे मेज आर्मर तुटत नाही, चिलखताने तुटतो. हे कॅरेक्टर बनवतानाच ठळक दाखवायला गेम बनवणाऱ्या लॅरियनचं काय जात होतं?

सुरुवातीला हा 'एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही' प्रकार मला पोरकट वाटायचा. मी 2002 च्या नेव्हरविंटर नाइट्सवर वाढलेला. तिथे फुल प्लेट घातलेल्या विझर्डचा स्पेल फसण्याची शक्यता 45 टक्के, टॉवर शील्ड घेतली तर आणखी 50. क्लेरिकला हा त्रास नाही. जखडलेल्या हाताने मंत्राच्या मुद्रा नीट होत नाहीत, हे पटण्यासारखं होतं. हातवाऱ्याशिवाय जादू करायची तर स्टिल स्पेल होताच.

मग ऑनर मोड सुरू केला आणि मत फिरलं. तिथे सेव्ह एकच. मागे जाऊन लढाई पुन्हा खेळायची सोय नाही. अशा ठिकाणी ऐन वेळी शत्रूचा मंत्र रोखणारा काउंटरस्पेल टाकताना आधी 'चिलखतात हात अडकला का' याचा फासा पडला असता, तर मी माऊस भिंतीवर मारला असता. चालतं किंवा चालत नाही, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

आणि याच नियमामुळे एक युक्ती जमते. तळावर पात्र नव्याने बांधून देणाऱ्या विदर्सला 100 सोन्याची नाणी द्यायची (खिसा कापता येत असेल तर परतही मिळतात, मी सोडत नाही) आणि गेलला नव्याने बांधायचा: पहिली लेव्हल फायटर, मग 11 विझर्ड. क्रम महत्त्वाचा. फायटरने सुरुवात केली तरच जड चिलखत आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (मार लागूनही स्पेल टिकवायच्या फाशाला बळ) मिळतात. मागाहून घेतलात तर मध्यमवर भागवा. सहाव्या लेव्हलचे स्पेल तरीही येतात, फक्त विझर्डच्या बाराव्या लेव्हलचं फीट (खास कौशल्य) जातं. माझा जीव हेस्टवर, म्हणजे सोबत्याला वेगवान करणाऱ्या स्पेलवर. मार लागून टाकणाऱ्याचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं की हेस्ट मिळालेला गडी एक टर्न लुळा पडतो, म्हणून टाकणाऱ्याला मार न लागणं मला एका फीटपेक्षा मोलाचं वाटतं. ग्रिमफोर्जमध्ये बनवलेलं अ‍ॅडमंटाइन स्प्लिंट गेलच्या अंगात घातलं: आर्मर क्लास 18, ढालीसकट 20, आणि शत्रूचा क्रिटिकल (जबर वार) बंद. स्ट्रेंग्थ 8 असली तरी गेम हरकत घेत नाही. फक्त वजन त्याच्याच ओझ्यात धरलं जातं, मग रस्त्यात दिसेल ते उचलायची सवय आवरावी लागते. मला ती आवरत नाही.

एप्रिल 2025 च्या पॅच 8 मध्ये ब्लेडसिंगर विझर्ड आला. मित्र मागे लागलेत, घेऊन बघ म्हणून. पण त्याच्या ब्लेडसाँग या खास ताकदीला मध्यम-जड चिलखत चालत नाही, ढालही नाही. आणि ग्रिमफोर्जमध्ये अशा चिलखतासाठी लागणारे मिथ्रलचे दोनच दगड मिळतात. त्यातला एक मी गेलच्या स्प्लिंटवर घातलाय. तो पुरता वसूल झाल्याशिवाय ब्लेडसिंगर-बिंगर काही नाही.